तोंग दिक-सांगची तीच ती नाटकं: मान की नव्यांची अडवणूक?

कोरांटी (धागाकर्ती):
तोंग दिक-सांग (१९१७–१९५९) हा हाँगकाँगच्या कँटोनीज संगीत नाटकाचा सर्वांत गाजलेला लेखक. वीसेक वर्षांत चारशेच्या वर नाटकं लिहिली. याम किम-फाय आणि पाक शूत-सिन या दोघींनी १९५६ साली ‘सिन फुंग मिंग’ ही नाटक कंपनी काढली. याम नायक रंगवायच्या, पाक नायिका. शेवटच्या तीन-चार वर्षांत तोंगने या कंपनीसाठी जे लिहिलं, त्यावर हा रंगमंच आजही चालतो. १४ सप्टेंबर १९५९ ला ली थिएटरमध्ये ‘लाल प्लमचा पुनर्जन्म’ या नाटकाचा पहिला प्रयोग चालू असताना तो प्रेक्षागृहातच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय ४२.

मला तो अतिशय प्रिय आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. जानेवारी २०१९ मध्ये हाँगकाँगात शिचू सेंटर उघडलं. हजारावर खुर्च्यांचं मुख्य नाट्यगृह, खास या कलेसाठी बांधलेलं. उद्घाटनाला नाटक कुठलं? तेच, १९५९ चं! तोंगने १९५७ या एका वर्षात सिन फुंग मिंगला तीन नवी नाटकं दिली होती. मिंग काळातल्या तांग श्येनत्सूचं नाटक घेऊन ‘जांभळा आकडा’ (केसांत खोचायचा) रचलं, छिंग काळातल्या एका नाटकावरून ‘राजकन्येचं फूल’ लिहिलं, आणि दोन्हींत हवी तशी काटछाट केली. पूर्वसूरींच्या संहितेला त्याने सोवळ्यात ठेवलं नाही, मग त्याच्या संहितेला आपण का ठेवायचं? तिथल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे २००९ नंतर ती अडचणही उरलेली नाही.

पारवा:
पूर्ण असहमत. तोंगच्या आधी कितीतरी नाटकं नुसत्या आराखड्यावर उभी राहायची. कोण कधी येणार, प्रसंग काय, एवढं ठरलेलं असायचं. बाकी नट रंगमंचावर जुळवायचे. शब्दन् शब्द बांधलेली, वाचायलाही तितकीच सुंदर संहिता या प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडण्यात तोंगइतका वाटा क्वचितच कुणाचा असेल. तीच तुम्ही पुन्हा मोकळी करा म्हणताय.

‘राजकन्येचं फूल’चा शेवट घ्या. १६४४, मिंग राज्य बुडालंय. राजकन्या चांगपिंग नव्या छिंग सम्राटाशी सौदा करते: वडिलांना सन्मानाने दफन करा, भावाला सोडा, मी परत येते आणि लग्न करते. दोन्ही अटी पदरात पडतात. लग्नाच्या रात्री, राजवाड्याच्या बागेतल्या कापराच्या झाडाखाली, ती आणि तिचा नवरा विष घातलेली दारू पितात. इतिहासातली चांगपिंग लग्नानंतर आजारपणात गेली. हा शेवट नाटकाचा आहे, आणि त्यातलं युगुलगीत पिपा या चिनी तंतुवाद्यावरच्या एका जुन्या चालीवर बसवलेलं आहे. कँटोनीजमध्ये शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे चालीचा चढउतार आणि शब्दाचा चढउतार जुळावाच लागतो. तिथला एक शब्द काढून दुसरा बसवून बघा, म्हणजे कळेल. ज्यांनी नाटक कधी पाहिलेलं नाही अशांनाही त्याच्या पहिल्या ओळी पाठ असतात, त्या उगाच नाहीत.

सांजवेळ:
दोघंही सगळं श्रेय एकट्या तोंगला देताय. चारशेतली बहुतेक नाटकं भराभर, मागणीनुसार लिहिलेली होती आणि ती आज कुणी करत नाही. टिकली ती मुख्यतः पाकबाईंच्या कंपनीची. लेखक तोच, मग फरक कशाने पडला? बाईंचा तालमींचा आग्रह, पसंत पडेपर्यंत पुन्हा लिहून घेणं, आणि वाँग युत-सांगसारखा संगीतकार. वारसा म्हणायचाच तर त्या कामाच्या पद्धतीचा म्हणा.

पारवा:
@सांजवेळ, पाकबाईंबद्दल +१. पण तोंग गेल्यावर त्याच कंपनीने १९६१ मध्ये श्वेतनागिणीच्या कथेवर एक नवं नाटक केलं आणि तिथेच थांबली. बाई होत्या, यामबाई होत्या, पद्धतही तीच. लेखक नव्हता.

तिसरी घंटा:
तीच ती नाटकं का होतात याचं कारण कुणीच सांगत नाहीये. या कलेचा मोठा धंदा आजही देवांच्या वाढदिवसांना, बांबूच्या मांडवात होतो. गाव चार-पाच रात्रींसाठी मंडळी बोलावतं, रोज वेगळं नाटक. नट वेगवेगळ्या ठिकाणांहून तेवढ्यापुरते जमतात आणि एकत्र तालीम नावालाच होते. अशा वेळी नायकापासून ढोलवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असलेलं नाटकच उभं राहतं. तोंगची संहिता पक्की आहे म्हणून ती कुठल्याही चमूला पेलते. यात भक्ती कमी आणि पोटापाण्याची सोय जास्त आहे, आणि त्या सोयीवरच ही कला जिवंत आहे.

कोरांटी:
@तिसरी घंटा, हे पटलं, मांडवापुरतं. तिथे तोंगच होऊ दे. पण शिचू सेंटरला ही सक्ती कुठे आहे? तिथे सरकारी पैसा आहे, तालमीच्या खोल्या आहेत. सांजवेळ म्हणतात ती पद्धत, म्हणजे एक लेखक, एक कंपनी, महिनोन्महिने पुनर्लेखन, हे सगळं तिथे करता येतं. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यानंतर जपणुकीवर जेवढा जोर दिला जातो तेवढा नवीन लिहून घेण्यावर दिलेला मला दिसत नाही.

@पारवा, ते युगुलगीत बदला असं मी म्हणतच नाही. पण आजच्या लेखिकेने चांगपिंगला ते विष प्यायला न लावता नवा शेवट लिहिला, नव्या चालीवर, नव्या नावाने, तर तुम्ही बघायला जाल का?

पारवा:
जाईन. पण पोस्टरवर तोंगचं नाव नको. तिचं नाव टाका, आणि पडलं तर तिच्या नावावर पडू दे. तोंगची कितीतरी पडली असतील, त्याशिवाय चारशे होत नाहीत.

तिसरी घंटा:
आणि पडल्यावर तिला दुसरं नाटक कोण देणार? तोंगला पुढच्या आठवड्यात दुसरी कंपनी मिळायची. आज तेवढ्या कंपन्याच नाहीत.