सलग ऐकण्यासारखा एक अल्बम

हल्ली सुटी गाणीच ऐकली जातात, अख्खा अल्बम ऐकायचा धीर उरत नाही, असं कुणीतरी लिहिलंय. त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ जरूर ऐकावा. १९६० च्या दशकातला आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांमधून उलगडतो: सुरुवात अहिर भैरवानं, शेवट पहाडीनं. म्हणूनच मधूनच एखादा तुकडा उचलून ऐकू नका, क्रमानंच ऐका.

सध्या मी त्यातल्या गिटारच्या प्रेमात आहे. संतूरच्या तारेवर कलमाचा, म्हणजे छोट्या लाकडी काडीचा, आघात झाला की सूर लगेच विरायला लागतो, त्यावर मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं, काढणं फार अवघड. काब्रा मात्र तारेवरून पट्टी सरकवत एका सुरातून दुसऱ्यात अलगद जातात, त्यामुळे संतूरच्या थेंबाथेंबानं पडणाऱ्या सुरांशेजारी ती गिटार गात असल्यासारखी वाटते. बासरीचं कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्तही आहे. पण या खेपेला फक्त गिटारचा माग काढत ऐकून पाहा. त्यातला देस राग ऐकताना तर मी हातातलं काम बाजूला ठेवतो.