सोसायटी ग्रुप: मामांच्या शेतातली लाकडी बोट कुणी बांधली असेल?

३०२ वहिनी: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, पण आपल्यात जाणकार आहेत म्हणून विचारते. हुक्केरीकडं, हिडकल धरणाच्या पाण्याजवळ माझ्या मामांचं शेत आहे. गोठ्यामागच्या शेडमध्ये एक जुनी लाकडी मोटारबोट पडून आहे, २२ फुटांच्या आसपास. मामांनी ती कधीकाळी लिलावात घेतली, कागद एकही नाही. सोमवारी रंगारी येऊन सगळी घासणार आणि नवा रंग देणार. त्याआधी बांधणारा कोण ते कळलं तर फार बरं होईल. इंजिनवर पाटी आहे: केल्विन, ग्लासगो. फोटो टाकलेत.

२०१: मग झालं की. केल्विनची बोट.

४०३ अण्णा: थांबा, थांबा. मी कारवारात लाँचवर बरीच वर्षं काढलीत. शेतातल्या पंपाला किर्लोस्करचं इंजिन असतं, म्हणून विहीर त्यांनी खोदलेली नसते. केल्विनची इंजिनं मासेमारीच्या होड्यांत आणि लाँचमध्ये जगभर गेली. ग्लासगोची बर्गियस कंपनी ती बनवायची आणि सुरुवातीच्या काळात तीच कंपनी लाँचही बांधायची, त्यामुळं शक्यता उरते. पण नुसत्या पाटीवर ठरवू नका. इंजिनं बदलली जातात, बोट तीच राहते.

१०२: गाडीला असतो तसा चासी नंबर नसतो का?

४०३ अण्णा: अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बोटीच्या मागच्या टोकाला १२ अक्षरांचा क्रमांक सक्तीचा झाला. त्याआधीच्या बोटींना असा एकसारखा नियमच नव्हता, ज्याचा त्याचा रिवाज. अमेरिकेतली क्रिस-क्राफ्ट झाकणांच्या आतल्या बाजूला वगैरे नंबर ठोकायची. त्यांची जुनी हल कार्डं, म्हणजे एकेका बोटीच्या नोंदीची कार्डं, व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत, नंबर दिला की बोट कोणती ते सापडतं. म्हणून वहिनी, रंगाऱ्याला आधी थांबवा. पॉलिश पेपरनं लाकडावरचा पंच एकदा गेला की कायमचा गेला.

३०२ वहिनी: मामांना आत्ताच फोन करते.

१०४ काका: उद्यमबागेत आयुष्य फाऊंड्रीत गेलं, तेवढं सांगतो. दोर बांधायच्या खुंट्या, नाळेवरची पट्टी, हे पितळी कास्टिंग दिसतंय. त्याच्या पालथ्या बाजूला उठावदार अक्षरं असतात का बघा. पॅटर्नवर, म्हणजे साचा काढायच्या नमुन्यावरच उठावदार बसवलेली अक्षरं कास्टिंगवर उठून येतात, मागाहून पंच मारलेली आत जातात. दोन्हीची नोंद वेगवेगळी करा. आणि लक्षात ठेवा, अक्षरं निघाली तरी ती सामान विकणाऱ्याची असणार, बोट बांधणाऱ्याची असतीलच असं नाही.

१०४ काका: आणखी एक. इंजिन ज्या तुळयांवर बसलंय तिथला अर्ध्या इंचाचा एक बोल्ट काढा. एका इंचात १२ आटे भरले तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश पद्धत. १३ भरले तर अमेरिकन. मधल्या बऱ्याच मापांत दोन्हीकडं आटे सारखेच येतात, म्हणून अर्धा इंचच बघायचा. मागाहून बसवलेला चकचकीत बोल्ट धरू नका.

२०१: व्हिटवर्थ तर आपल्या इथंही कितीतरी वर्षं चाललं.

१०४ काका: बरोबर. म्हणून १२ आले तर अमेरिका वगळायची, बास. मुंबई वगळता येत नाही.

२०३ अक्का: फळ्यांच्या फटींत एम-सील भरलं तर? मामा तेच म्हणत असतील.

४०३ अण्णा: अजिबात नको. इतकी वर्षं कोरडी राहिली म्हणून फळ्या आकसल्या. पाण्यात गेल्यावर त्या फुगणार, आणि फटीत घट्ट सिमेंटासारखं काही भरलेलं असलं तर रिव्हेट उपटतील, फासळ्याही मोडतील. आधी ओल द्यायची, मग उरलेल्या फटींचं बघायचं.

४०३ अण्णा: फासळ्या नीट बघा. वाफेवर वाकवलेल्या असतील तर पातळ आणि सगळ्या सारख्या दिसतील. कोकणातले मिस्त्री मुळात वाकडं वाढलेलं लाकूड निवडतात, तशी असतील तर जाड आणि प्रत्येक वेगळी. फळ्या एकमेकींवर चढलेल्या आहेत की कडेला कडा लावून गुळगुळीत, तेही लिहा. तांब्याचे रिव्हेट आणि आतून छोटी गोल चकती असेल तर तिचा फोटो घ्या.

२०३ अक्का: लाकूड सागवान वाटतंय फोटोत.

१०४ काका: खानापूरचे सुतार बारीक छिलका काढून वासावर सांगतात. पण सागवान म्हणजे भारतातच बांधली असं नाही, विलायतेतही ब्रह्मदेशातला साग भरपूर वापरत. आणि भारतातला सागवानही काय लाकूड! १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं एचएमएस ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

(रविवारी रात्री)

३०२ वहिनी: आज काका, अण्णा आणि आम्ही जाऊन आलो. लाकूड सागवान. फळ्या गुळगुळीत, तांब्याचे रिव्हेट, फासळ्या पातळ आणि एकसारख्या. आटे १२. दोन खुंट्यांखाली सिम्पसन लॉरेन्स, ग्लासगो असं उठावदार, म्हणजे बोटींचं सामान विकणारी कंपनी. आणि अंधार पडल्यावर टॉर्च आडवी धरली तर इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक नंबर दिसला, तोच नंबर इंजिनच्या तुळईवरही! कागद ठेवून कोळशानं त्याचा छाप घेतला.

४०३ अण्णा: तोच नंबर दोन ठिकाणी, हे सगळ्यांत मोलाचं. सुट्या भागांची अदलाबदल होऊ नये म्हणून कारखान्यात ते तसं ठोकत. तो बांधणाऱ्याचा नंबर असण्याची शक्यता जास्त. वाफेवरच्या फासळ्या आणि तांब्याच्या चकत्या बघता मला ब्रिटिश पद्धतीचा कारखाना वाटतो, पण तो ग्लासगोचा की मुंबईचा, हे लाकूड सांगत नाही. नाव आत्ता कुणी घेऊ नये.

२०१: मग पुढं?

४०३ अण्णा: इंजिनचा नंबरही उतरवून आणलाय. दोन्ही नंबर, छाप आणि फोटो एकत्र करून केल्विनच्या जुन्या इंजिनांवर काम करणाऱ्या मंडळींना पाठवू. इंजिन नवं असताना कुणाला विकलं ते कळलं, तर ज्या कारखान्यानं ते घेतलं तिथपर्यंत पोचता येईल. पत्र इंग्रजीत मी लिहितो, वहिनींनी तपासून द्यावं.

३०२ वहिनी: नक्की अण्णा. आणि मामांनी रंगाऱ्याला सांगितलंय, आम्ही कळवेपर्यंत येऊ नको. शेडची ताडपत्री फाटलीये, पाऊस आत येतोय. कुणाकडं जुनी जाड ताडपत्री असेल तर सांगा, मी न्यायला येते.

१०२: माझ्या पार्किंगमध्ये आहे. सकाळी घेऊन जा.