विषय: बायबल क्लबचा फ्लायर आणि मंडळाचे पत्र

प्रेषक: मेधा

सर्वांना नमस्कार,

या आठवड्यात न्यू जर्सीतल्या आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या एलिमेंटरी शाळांतून मुलांच्या फोल्डरमध्ये गुड न्यूज क्लबचा फ्लायर घरी आला. दर बुधवारी शाळा सुटल्यावर तासभर, शाळेच्या ग्रंथालयात. गाणी, खेळ, बायबलमधल्या गोष्टी, खाऊ. आपल्या मराठी मंडळाने स्कूल बोर्डाला पत्र लिहावे असे बऱ्याच पालकांनी सुचवले आहे. मसुदा असा:

"सरकारी शाळेच्या इमारतीत धर्मशिक्षण देणे योग्य नाही. गुड न्यूज क्लबची परवानगी रद्द करावी आणि शाळेच्या फोल्डरमधून धार्मिक संस्थांचे फ्लायर वाटणे थांबवावे."

पत्र मंडळाच्या लेटरहेडवर जाईल. शुक्रवारपर्यंत हरकती कळवाव्यात.

मेधा

---

प्रेषक: सुहास

मेधाताई,

हे पत्र पाठवू नका, अशी कळकळीची विनंती. पालकांची अस्वस्थता खरी आहे, पण मागणी चुकीची आहे. ज्या कायद्याच्या आधाराने तो क्लब ग्रंथालयात बसतो, त्याच आधाराने आपला गणपती मिडल स्कूलच्या ऑडिटोरियममध्ये बसतो.

मुख्य निकाल २००१ सालचा, सुप्रीम कोर्टाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्डची शाळा बालवाडीपासून बारावीपर्यंत एकाच इमारतीत भरते. शाळा सुटल्यावर तिथे बॉय स्काउट्स, गर्ल स्काउट्स आणि फोर-एच क्लबला जागा मिळत असे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या गुड न्यूज क्लबला मात्र "तुम्ही धर्म शिकवता" म्हणून नकार मिळाला. कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नकार घटनाबाह्य ठरवला. संस्कार आणि चारित्र्य यांवर स्काउट्सनी बोललेले चालत असेल, तर त्याच विषयावर कोणी धर्माच्या अंगाने बोलतो एवढ्यासाठी दार लावता येत नाही. मुलाला पाठवायचे की नाही हे पालकांच्या सहीवर ठरते, म्हणून सक्तीचा मुद्दाही टिकला नाही. त्याआधी १९९३ मध्ये लाँग आयलंडच्या सेंटर मोरिचेस डिस्ट्रिक्टने एका चर्चला कुटुंबजीवनावरच्या फिल्म दाखवायला जागा नाकारली होती. तिथे नऊही न्यायमूर्ती शाळेच्या विरोधात गेले.

फ्लायरचा निकाल तर आपल्या न्यू जर्सीतलाच आहे. स्टॅफर्ड टाउनशिपच्या डिस्ट्रिक्टने इतर संस्थांचे कागद मुलांबरोबर घरी धाडले, बॅक-टू-स्कूल नाइटला त्यांना टेबलेही दिली, आणि गुड न्यूज क्लबला दोन्ही नाकारली. २००४ मध्ये थर्ड सर्किटने, म्हणजे न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येते त्या फेडरल अपील कोर्टाने, डिस्ट्रिक्टच्या विरोधात निकाल दिला. तो लिहिणारे न्यायाधीश सॅम्युअल अलिटो पुढे सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे मसुद्यातल्या दोन्ही मागण्या मान्य करणे बोर्डाच्या हातातच नाही.

बोर्डाला जे करता येते ते आपल्याला महागात पडेल: सगळ्यांनाच दार बंद. बोर्डे असे खरोखर करतात. १९९६ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ईस्ट हायस्कूलमध्ये समलिंगी विद्यार्थ्यांनी क्लब मागितला. एकट्या त्या क्लबला नाकारणे कायद्यात बसत नव्हते, म्हणून बोर्डाने अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच विद्यार्थी-क्लब बंद केले. ते पूर्ववत व्हायला २००० साल उजाडले. आपल्या पत्राने बोर्ड त्या दिशेला वळले तर रविवारची मराठी शाळा आणि दिवाळीचा कार्यक्रम दोन्ही रस्त्यावर येतील.

खरा दुटप्पीपणा कुठे होतो ते पेनसिल्व्हेनियातल्या सॉकन व्हॅली डिस्ट्रिक्टमध्ये दिसले. सटॅनिक टेंपल ही संस्था जिथे गुड न्यूज क्लब आधीपासून चालतो तिथेच आपला शाळेनंतरचा क्लब मागते. नाव भडक असले तरी कार्यक्रमात विज्ञान, हस्तकला, कोडी असतात. २०२३ मध्ये डिस्ट्रिक्टने त्यांना परवानगी दिली. गदारोळ झाला, धमकीचा फोन आला, शाळा एक दिवस बंद ठेवावी लागली, आणि डिस्ट्रिक्टने परवानगी काढून घेतली. कारण दिले की जाहिरातीत "हा कार्यक्रम शाळेचा नाही" हे पुरेसे स्पष्ट नव्हते. फेडरल न्यायाधीशाने मे महिन्यात क्लबला जागा द्यायला लावली. नोव्हेंबरात तडजोड झाली: नुकसानभरपाई १ डॉलर आणि वकिलांची फी २ लाख डॉलर. लोकांना नावडत्या गटाला वेगळा नियम लावण्याची ही किंमत. उद्या आपणही कोणाला नावडते असू शकतो.

"क्लब बंद करा" हे वाक्य काढा. "सर्वांना एकच फॉर्म, एकच भाडे, फ्लायरचा एकच नियम" असे लिहा.

सुहास

---

प्रेषक: रश्मी

सुहासराव,

कायदा कळला, पण सहा वर्षांच्या मुलाला तो कसा समजवायचा? या क्लबांमध्ये शब्द नसलेली रंगीत पानांची छोटी पुस्तिका वापरतात. सोनेरी पान म्हणजे स्वर्ग, गडद पान म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचे रक्त, पांढरे म्हणजे धुऊन स्वच्छ झालेले मन, हिरवे म्हणजे श्रद्धेची वाढ. पहिलीतल्या मुलाला पान उलटून "हे तुझे पाप" असे सांगितले तर ते ऐकतेच, आणि सांगणारी व्यक्ती शाळेतल्याच खुर्चीत बसलेली असते.

शिवाय अलाबामात योगासनांच्या तासाला "नमस्ते" म्हणायला कायद्याने बंदी आहे. आपला नमस्कार धर्म ठरतो आणि त्यांची प्रार्थना चारित्र्यनिर्माण. याला दुटप्पीपणा नाही म्हणायचे तर काय?

रश्मी

---

प्रेषक: सुहास

रश्मीताई,

दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, पण ते वेगवेगळ्या खणातले आहेत. बोर्डापुढे ते एकत्र मांडले तर पहिल्याच मिनिटाला वकील आपल्याला अडवील.

शाळा स्वतः जे शिकवते ते सरकारचे बोलणे. त्यात धर्म चालत नाही, कोणाचाच. न्यू जर्सीच्या पाच हायस्कुलांत सत्तरच्या दशकात भावातीत ध्यानाचा ऐच्छिक विषय होता. मंत्र देण्याआधी संस्कृतमधली गुरुपूजा व्हायची, म्हणून कोर्टाने तो विषय बंद केला. १९७९ मध्ये थर्ड सर्किटने तो निकाल कायम ठेवला. अलाबामाचा कायदाही शाळेच्याच तासाबद्दल आहे. १९९३ पासून तिथे योगावर सरसकट बंदी होती. २०२१ मध्ये ती उठवताना मंत्र, मुद्रा आणि नमस्ते वगळायला लावले, आसनांची नावे फक्त इंग्रजीत ठेवायला लावली, पालकांची लेखी संमती सक्तीची केली. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासमध्ये पद्मासनाचे "क्रिस-क्रॉस ॲपलसॉस" (मांडी घालून बसण्याचे मुलांचे इंग्रजी नाव) झाले, आणि २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने शाळेचा योग धर्मनिरपेक्ष ठरवला. पूजा वगळणे मला मान्य आहे. पण नुसते अभिवादन कायद्यात नाव घेऊन वर्ज्य करणे हा अन्यायच आहे, आणि तो अन्याय म्हणून स्वतंत्रपणे मांडायला हवा.

शाळा सुटल्यावर बाहेरची संस्था जे बोलते ते त्या संस्थेचे बोलणे. तिथे धर्म चालतो, सगळ्यांचाच.

लहान मुलांच्या बाबतीत या दोहोंमधली भिंत कुठे पातळ होते ते पाहा, तक्रार तिथे करायची. वर्गशिक्षिकेने तास चालू असताना "क्लबला या, खाऊ आहे" म्हटले, तर ते शाळेचे बोलणे झाले. फ्लायर घरी जाणे ठीक, पण सही केलेले संमतीपत्र जमा झाले का याचा पाठपुरावा शिक्षिकेने वर्गात करणे ठीक नाही. संमतीपत्राशिवाय मूल आत बसले, किंवा आफ्टरकेअरचे मूल मैत्रिणीमागोमाग तिकडे गेले, तर तो सुरक्षिततेचा भंग आहे. असे काही घडले की तारीख, वेळ, खोली, नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि प्रिन्सिपलना मेल करा. फोन नको. "वातावरण बिघडते आहे" अशा तक्रारीचे काहीच होत नाही.

मुलाला घरी सांगायचे ते सोपे आहे: काही घरांत ही गोष्ट खरी मानतात, आपल्या घरी दुसऱ्या गोष्टी सांगतात, आणि वर्गात त्यावरून कोणाला चिडवायचे नाही. या यादीवर ख्रिस्ती मराठी कुटुंबेही आहेत. पत्राची भाषा त्यांनाही आपली वाटली पाहिजे.

सुहास

---

प्रेषक: अरविंद (हॉल समिती)

मेधा, रश्मी,

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला फॉर्म पाहू या. "कार्यक्रमाचे स्वरूप" या रकान्यात आपण दरवर्षी "सांस्कृतिक" लिहितो. प्राणप्रतिष्ठा होते, आरती होते, प्रसाद होतो. बायबल क्लबचा कार्यक्रम धार्मिक आणि आपली पूजा सांस्कृतिक, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांत दसऱ्याच्या सुमारास पाटीपूजन होते, पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात. आपण तिला संस्कृती म्हणतो. वर्गातल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाला ती पूजाच दिसते. यंदा मी फॉर्मवर "गणेशपूजा, आरती, मुलांचे कार्यक्रम, भोजन" असे स्वच्छ लिहिणार आहे. खोट्या वर्णनावर मिळालेली परवानगी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही रद्द होऊ शकते.

भाड्याचेही पाहावे लागेल. डिस्ट्रिक्टचे दर गटवार असतात: शाळेशी संलग्न संस्था, स्थानिक ना-नफा संस्था, बाहेरच्या संस्था, व्यावसायिक. "धार्मिक" असा वेगळा महाग गट केला असेल तर हरकत घ्यायची. "डिस्ट्रिक्टच्या हिताचे वाटल्यास भाडे माफ" असे मोघम कलम असेल तर त्यालाही. साउथ कॅरोलिनातल्या अँडरसन डिस्ट्रिक्टचे असेच कलम २००६ मध्ये फोर्थ सर्किटने नाकारले, कारण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले की आवडत्याला सूट मिळते. भाड्याशिवाय कस्टोडियनचे (इमारत उघडणाऱ्या-साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे) तास आणि सुटीच्या दिवशी त्यांचा जादा दर धरा. आपले अंदाजपत्रक चुकते ते इथेच, कारण सजावट उतरवायला लागणारे दोन तास आपण मोजत नाही.

विम्याचे सर्टिफिकेट बहुतेक डिस्ट्रिक्ट प्रति घटना १० लाख डॉलरचे मागतात. त्यावर "अतिरिक्त विमाधारक" म्हणून डिस्ट्रिक्टचे कायदेशीर नाव हवे. शाळेचे नाव घातले की सर्टिफिकेट परत येते आणि आठवडा जातो.

निरांजन आणि कापूर: सार्वजनिक कार्यक्रमात उघडी ज्योत असेल तर टाउनच्या फायर ऑफिशियलची परवानगी वेगळी काढावी लागते. स्टेजवर स्मोक डिटेक्टर असतात, आणि कापराच्या धुराने अलार्म वाजला की सगळी इमारत रिकामी करतात. म्हणून आरतीला बॅटरीचे दिवे.

कोणी हडसन ओलांडून न्यूयॉर्क शहरातल्या शाळेत पूजा ठेवायचे म्हणत असेल, तर तिथला नियम वेगळा आहे. ब्रॉन्क्समधल्या एका चर्चच्या खटल्यात २०१४ मध्ये सेकंड सर्किटने शाळेत उपासनाविधीला मनाई करण्याची शहराला मुभा दिली. तिथे आधी शहराचा सध्याचा नियम विचारून घ्या.

अरविंद

---

प्रेषक: नीलेश

हायस्कूलच्या पालकांसाठी थोडक्यात. तिथे १९८४ चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट लागतो. अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एक जरी विद्यार्थी-क्लब असेल, तरी धार्मिक क्लब नाकारता येत नाही. १९९० मध्ये ओमाहाच्या वेस्टसाइड हायस्कूलचा खटला यावरच ठरला. तिथे सुमारे ३० क्लब होते, त्यांत बुद्धिबळ आणि स्कूबा डायव्हिंगही, म्हणून ख्रिस्ती क्लबला जागा द्यावी लागली. निकाल ८ विरुद्ध १.

आपल्या मुलांना हिंदू क्लब काढायचा असेल तर अर्ज विद्यार्थ्यांनीच करायचा. शिक्षक हजर राहतील ते देखरेखीपुरते, सहभागी होणार नाहीत. बाहेरच्या माणसाने क्लब चालवायचा नाही आणि नियमित यायचेही नाही. म्हणून मंडळातल्या काकांनी दर आठवड्याला गीतावर्ग घ्यायचा असेल तर तो विद्यार्थी-क्लब म्हणून बसत नाही. त्यासाठी अरविंदकाकांचा हॉलचा फॉर्म. या दोन वाटा एकत्र केल्या की अर्ज परत येतो.

नीलेश

---

प्रेषक: मेधा

सर्वांचे आभार. पहिला मसुदा मागे घेते. नवा असा:

"आमची संस्था डिस्ट्रिक्टच्या इमारती मराठी वर्ग आणि गणेशपूजेसाठी भाड्याने घेते. शाळेनंतर सर्व संस्थांना, धार्मिक असोत वा नसोत, सारखा प्रवेश मिळावा याला आमचा पाठिंबा आहे. विनंती अशी: (१) अर्ज, भाडे आणि विम्याच्या अटी सर्वांना एकच असाव्यात आणि त्या संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात. (२) बाहेरच्या प्रत्येक फ्लायरवर 'हा कार्यक्रम शाळेचा नाही' ही ओळ एकाच आकाराच्या अक्षरांत वरच्या बाजूला असावी, आमच्याही. (३) वर्गशिक्षकांनी शाळेच्या वेळेत कोणत्याही बाहेरच्या क्लबचा प्रचार करू नये वा संमतीपत्रे गोळा करू नयेत. (४) एलिमेंटरीत लेखी संमतीशिवाय मूल क्लबच्या ताब्यात देऊ नये."

सोबत सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली डिस्ट्रिक्टच्या रेकॉर्ड कस्टोडियनकडे अर्ज करते आहे: गेल्या दोन वर्षांतले इमारत-वापराचे सर्व अर्ज, आकारलेले भाडे, नाकारलेले फ्लायर. उत्तराला साधारणपणे कामकाजाचे सात दिवस लागतात. ते हातात आल्याशिवाय "भेदभाव झाला" असे कोणीही बोर्डाच्या सभेत म्हणू नये. रश्मी, "नमस्ते"चे वेगळे निवेदन तू लिही. त्याला या पत्रात घालत नाही.

सभेत बोलायची नावे बुधवारपर्यंत द्या. दोघे पुरेत.

मेधा