मदत हवी आहे: आईच्या केमोच्या उलट्यांवर गांजाच्या गमी द्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर निपाणीजवळ. आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, वय सदुसष्ट. बेळगावला केमो चालू आहे. केमो देऊन घरी आणलं की पुढचे काही दिवस तिच्या पोटात पेजसुद्धा ठरत नाही. वासानंच ढवळतं म्हणून वहिनीनं घरात फोडणी द्यायचं बंद केलंय. वर तळपायांना मुंग्या आणि आग, त्यामुळे रात्रीची झोप गेली. तिची हृदयाची झडप पूर्वीच बदललेली आहे, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन कायमची चालू.

माझा मावसभाऊ बेंगळुरूला नोकरीला. बँकॉकला फिरायला गेला होता, तिथून येताना त्यानं गमीचं एक पाकीट आणलं. परवा आईला बघायला आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशीला यातली एक दे. उलटी थांबते, भूक लागते, झोपही लागते. परदेशात डॉक्टरच देतात." दर गोळीत टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) १० मिलीग्रॅम असं पाकिटावर छापलंय. गोळ्या हुबेहूब पोरांच्या जेलीसारख्या, वर साखर, आंब्याचा वास. त्याचा मावशीवर जीव आहे, मनात वाईट काही नाही. पण मी अजून एकही दिलेली नाही. पाकीट कपाटात कुलपाखाली ठेवलंय, कारण घरात भावाची लहान पोरं आहेत.

आईचे हाल बघवत नाहीत, म्हणून विचारते. याचा खरोखर उपयोग होतो का? वॉरफेरिनबरोबर चालतं का? आणि कायद्यानं यात काय होऊ शकतं? डॉक्टरांना विचारायची भीती वाटते, ते रागावतील की पोलिसांत कळवतील, असं मनात येतं. भाऊ म्हणतो, शिवरात्रीला भांग चालते मग हे का नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

प्रतिसाद: निपाणीकर

ताई, आधी पोरांच्या हाताला लागणार न्हाई एवढं बघा. कुलूप लावलंय म्हणता ते बरं केलंसा. बाकीचं जाणकार सांगतील, पण आईंना लवकर आराम पडू दे.

प्रतिसाद: औषधवाली (चिकोडी तालुका)

ताई, मी फार्मासिस्ट आहे. आधी उपयोगाचं सांगते, कारण तुमच्या मावसभावाचं म्हणणं निव्वळ खोटं नाही. केमोच्या उलट्या नेहमीच्या औषधांनी थांबत नसतील तर अमेरिकेत ड्रोनाबिनॉल नावाची कॅप्सूल देतात. ते कारखान्यात तयार केलेलं टीएचसीच आहे आणि त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. पण ती मोजून-मापून बनवलेली कॅप्सूल असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात आणि तीसुद्धा पहिली पायरी म्हणून देत नाहीत. १९८५ नंतर उलट्यांवर कितीतरी चांगली औषधं आली. ऑन्डॅनसेट्रॉन, ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि रात्रीची ओलान्झापिन यांची सांगड घातली तर बहुतेकांच्या उलट्या आटोक्यात येतात. आईच्या चिठ्ठीवर यातलं काय काय आहे ते बघा. पुष्कळदा एकटं ऑन्डॅनसेट्रॉन चालू असतं आणि "अजून उलट्या होतात" हे घरचे डॉक्टरांपर्यंत पोचवतच नाहीत.

आता खाण्यातून गांजा घेतला की काय होतं ते समजून घ्या, खरी मेख तिथे आहे. धूर ओढला तर काही मिनिटांत चढतो. खाल्लेला पोटातून यकृतात जातो, तिथे टीएचसीचं आणखी जोरदार रूप तयार होतं आणि परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात. मधल्या वेळात घरच्यांना वाटतं, काहीच झालं नाही, म्हणून ते दुसरी गोळी देतात. मग दोन्ही एकदम चढतात आणि सहा-आठ तास, म्हाताऱ्या माणसात त्याहून जास्त वेळही, उतरत नाहीत. छातीत धडधड, रक्तदाब खाली, घेरी, भ्रम, घाबरून रडणं. ज्यानं कधी घेतलेलं नाही अशा वृद्धाला १० मिलीग्रॅम ही फार मोठी मात्रा झाली. जिथे डॉक्टर देतात तिथे सुरुवात अडीच किंवा त्याहून कमी मिलीग्रॅमपासून करतात. शिवाय पाकिटावर छापलेला आकडा आतल्या गोळीशी जुळेलच याची खात्री कुणी देत नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती वॉरफेरिनची आहे. गांजातले घटक यकृतात वॉरफेरिनचा निचरा मंदावतात. म्हणजे वॉरफेरिनची गोळी तेवढीच, पण रक्त जास्त पातळ. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) वाढल्याच्या नोंदी आहेत. त्यात रात्री गुंगीत बाथरूमला उठल्या, तोल गेला आणि डोक्याला मार लागला तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. झडपेच्या पेशंटमध्ये वॉरफेरिन बंदही करता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर अर्धी गोळीसुद्धा दिली नसती.

तळपायांची आग बहुधा केमोनं नसांना झालेल्या इजेमुळे असावी. त्यावर ड्युलॉक्सेटिनचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. मात्र तेही वॉरफेरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढवतं, म्हणून आपल्या मनानं न घेता डॉक्टरांनाच विचारा.

चुकून पोरानं खाल्लीच तर वाट बघत बसू नका. लहान मुलांत गाढ गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. लगेच १०८ ला फोन, पाकीट बरोबर, आणि डॉक्टरांना खरं सांगायचं.

प्रतिसाद: खानापूरकर

विजया तेल म्हणून आयुर्वेदिक मिळतं की ऑनलाइन, चिठ्ठीवर. ते तरी कायदेशीर आहे ना? आणि हेम्पच्या (गांजाच्याच जातीच्या झाडाच्या) बियांचं पीठही मिळतं.

प्रतिसाद: औषधवाली (चिकोडी तालुका)

दादा, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) २०२१ मध्ये अन्न म्हणून परवानगी दिली. त्यात टीएचसी नगण्य असतं, जवस-तिळासारखं पौष्टिक समजा, उलट्यांवर उपयोग नाही. विजया म्हणजे पानं, भांग. औषधांच्या नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. परवानाधारक कंपनीचं आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर घेतलं तर कायदेशीर आहे. पण कायदेशीर असलं म्हणून वॉरफेरिनला फरक पडत नाही, यकृत चिठ्ठी वाचत नाही. ताईंच्या आईसाठी तेही नको.

प्रतिसाद: वकील, बेळगाव

ताई, कायद्याचं मी सांगतो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, केंद्राचा. सरहद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे, गोव्यातही तोच. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ, आणि या दोन्हींपासून बनवलेलं कुठलंही मिश्रण. गमी मिश्रणात मोडते. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, म्हणून तिथे दुकानात उघड मिळू लागला. विमान भारतात उतरलं की इथला कायदा लागू. परदेशातून आणणं कलम २३ खाली येतं, बाळगणं कलम २० खाली, सेवन कलम २७ खाली. गांजा १ किलोपर्यंत अल्प प्रमाण धरतात, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वजन शुद्ध टीएचसीचं नव्हे, साखरेसकट सगळ्या मिश्रणाचं धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. वैद्यकीय वापराला कायद्यात वाट आहे, पण परवाना आणि नियमांच्या चौकटीतूनच. आई आजारी आहे म्हणून घरात ठेवलं, हे उत्तर पुरत नाही.

भावाच्या भांगेच्या मुद्द्यावर. शेंडे वगळून नुसती पानं एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात हेच मांडलं होतं. तरी भांग मोकळी नाही. इथे कर्नाटक अबकारी कायदा १९६५ आहे, कागलपासून पुढे महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा, आणि परवान्याशिवाय दोन्हीकडे अडचण. गमी तर पानांची नसतेच, अर्काची असते.

पाकीट कुणाला देऊ नका, परत बेंगळुरूला पाठवू नका, पार्सल तर मुळीच नको. देणं आणि नेणं हेही गुन्हेच आहेत. उद्याच ओळखीच्या वकिलांना प्रत्यक्ष भेटा, त्यांना सगळं सांगा. मावसभावालाही सांगा, पुन्हा आणू नको. डॉक्टरांना मात्र बिनधास्त विचारा. पेशंटच्या औषधाबद्दल सल्ला विचारणं हा गुन्हा नाही.

प्रतिसाद: तंबाखू पेठ

माझे वडील वखारीत राबले, तोंडाचा कॅन्सर झाला. शेवटी शेवटी वेदना सहन होईनात तेव्हा आम्हीही गांजा शोधत होतो. एका नर्सबाईंनी वेदनाशमन विभागाचं नाव सांगितलं, तिथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. रीतसर चिठ्ठीवर, अगदी स्वस्तात. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. ताई, तुमच्या आईला आज कदाचित मॉर्फिनची गरज नसेल, पण हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो हा समज काढून टाका. उलट्या, झोप, नसांची आग, सगळं ते बघतात. केमो चालू असतानाच जायचं असतं. आम्हाला कुणी लवकर सांगितलं असतं तर वडिलांचे ते महिने तरी सुसह्य गेले असते, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वकिलांना भेटून आलो, त्यांनी पाकिटाचं काय करायचं ते सांगितलं. मावसभावाला हा धागा वाचायला दिला, तो गप्प झाला, पण राग नाही.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. रागावले नाहीत. चिठ्ठीवर खरंच एकच उलटीची गोळी होती. आता रात्रीची ओलान्झापिन सुरू केली आहे, पुढच्या केमोआधी ॲप्रेपिटंटही देणार आहेत. पायांसाठी आयएनआर बघून ठरवू म्हणाले. काल आईनं मऊ भात खाल्ला, ठरला.

एक विचारायचं राहिलं. वेदनाशमन विभागात बेळगावला नेऊन आणणं तिला झेपत नाही. निपाणी-संकेश्वर-गडहिंग्लज भागात घरी येऊन बघणारी नर्स किंवा डॉक्टर कुणाच्या माहितीत आहेत का? सरहद्दीच्या पलीकडचे असले तरी चालतील, फक्त कर्नाटकातली चिठ्ठी तिकडच्या मेडिकलमध्ये चालते का, तेही सांगा.