मदत हवी आहे: महापालिकेला अपक्ष अर्ज, जात पडताळणी बाकी, मतदारयादीत नाव दुसऱ्या प्रभागात

केतकी_जे:
15 जानेवारी 2026 च्या महापालिका मतदानासाठी आमच्या गटातर्फे एका मैत्रिणीचा अपक्ष अर्ज भरायचा आहे. चार सदस्यांचा प्रभाग आहे, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा. तिला लढवायची आहे ती ‘क’ जागा, नागरिकांचा मागासवर्ग म्हणजे ओबीसी (महिला). अडचणी अशा: (1) तिचं नाव मतदारयादीत शेजारच्या प्रभागात आहे. (2) जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आहे, पडताळणी झालेली नाही. (3) पहिला मुलगा 2008 चा, नंतर 2012 मध्ये जुळ्या मुली, म्हणजे अपत्यं तीन. अर्ज बाद होईल का? 23 ते 30 डिसेंबर अशी मुदत आहे.

वाटाड्या:
आधी दिवस मोजा. 25 ला नाताळ आणि 28 ला रविवार, त्या दिवशी अर्ज घेणार नाहीत. हातात सहाच दिवस आहेत. शेवटच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दारात रांग असते आणि चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही, म्हणून 26 पर्यंत अर्ज आत गेलाच पाहिजे असं धरून चाला.

पहिल्या अडचणीने काही बिघडत नाही. त्याच महापालिकेच्या कुठल्याही प्रभागात मतदार असलेली, 21 वर्षं पूर्ण केलेली व्यक्ती कुठल्याही प्रभागातून उभी राहू शकते. तिचं नाव असलेल्या यादीच्या पानाची प्रमाणित प्रत जोडा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जात जसाच्या तसा उतरवा. घात होतो तो सूचक-अनुमोदकांमुळे, म्हणजे अर्जावर सही करून तिचं नाव सुचवणारा आणि त्याला दुजोरा देणारा यांच्यामुळे. ते मात्र लढवायच्या प्रभागाचेच मतदार हवेत. मैत्रिणीच्या शेजारणीची सही घेतलीत तर ती शेजारणही दुसऱ्याच प्रभागातली निघेल! प्रभागनिहाय अंतिम यादी उघडून दोघांची नावं स्वतः तपासा, तोंडी विश्वास नको.

यादीत नाव चुकीच्या प्रभागात पडलंय म्हणून आता धावपळ करू नका. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी फोडून ही यादी केलेली आहे. राज्य निवडणूक आयोग तिच्यात नवं नाव घालत नाही. प्रभाग चुकला असेल तर हरकतींच्या मुदतीतच सांगावं लागत होतं.

शिरस्तेदार:
दाखल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

जात जन्माने ठरते, नवऱ्याच्या जातीवर राखीव जागा मिळत नाही. त्यामुळे दाखला माहेरच्या नावाचा असणं बरोबरच आहे. पण मतदारयादीत सासरचं नाव असणार. ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे कागदाने दाखवायला हवं: विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र. नुसतं प्रतिज्ञापत्र दिलंत तर छाननीत विरोधक ते लावून धरतात.

पडताळणी प्रमाणपत्र नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या नमुन्यातलं हमीपत्र, दोन्ही लागतात. ऑनलाइन अर्ज भरून थांबू नका. कागद समितीच्या कार्यालयात जमा करून शिक्क्याची पोच घ्या. ही धाव आजच मारा, कारण पोच नसेल तर राखीव जागेवरचा अर्ज टिकणार नाही. आणि निवडून आल्यावर हमीपत्रातल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. म्हणून वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना महसुली पुरावा हाताशी नसेल तर तिने ही जागा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच प्रभागातली सर्वसाधारण जागा तिला खुली आहे.

केतकी_जे:
आजोबांचा शाळेचा दाखला आहे, जात नोंदलेली आहे. जुळ्यांचं काय?

शिरस्तेदार:
मग ‘क’ लढवा. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली तर अपात्रता येते, पण कायद्याच्या स्पष्टीकरणात एक सूट आहे: एकच अपत्य असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरतात. तिचं प्रकरण यात बसतं. तिघांची नावं सरळ लिहा आणि मुलींचे एकाच तारखेचे जन्मदाखले जोडा. एक मूल लपवलंत तर मात्र लपवणं हाच आक्षेप होतो.

वाटाड्या:
बाकीचे कागद: अनामत 5000 रुपये, तिला निम्मी म्हणजे 2500. शौचालय वापराचं प्रमाणपत्र. महापालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला. घरात कुणाचं महापालिकेशी कंत्राट किंवा अनधिकृत बांधकाम असेल तर आधी वकिलांना दाखवा.

शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण येतं, आणि नवरा व अवलंबितांचंही. एकही रकाना कोरा नको. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. रेघ मारली, जागा सोडली की आक्षेप घ्यायला मोकळी वाट. 31 ला छाननीला तिने स्वतः हजर राहावं, मूळ कागद घेऊन. नगरपरिषदेत अर्ज बाद झाला तर जिल्हा न्यायालयात अपील असतं, महापालिकेत ती सोय नाही. निकालानंतर 10 दिवसांत निवडणूक याचिका एवढाच मार्ग उरतो.

मीनल_प्रभाग:
दोन गोष्टी राहिल्या. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाआधी उघडा, सगळा खर्च त्यातूनच करा. हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा असतो, हरलं तरी. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवतात. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि पुढच्या वेळी अडकतात.

दुसरी मतदारांसाठी, आणि अपक्षाने ती घरोघरी सांगावीच. चार जागा म्हणजे चार मतं. मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेचा रंग जागेप्रमाणे वेगळा असतो: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. तुमची मैत्रीण पिवळ्यावर सापडेल. पण तिचं बटण दाबून मतदार निघाला तर मतदान पूर्ण होत नाही. उरलेल्या तीन जागांवर कुणीतरी निवडायचं, नाहीतर त्या त्या जागेचा ‘नोटा’ (यापैकी कुणीही नाही) दाबायचा, शेवटी मोठा आवाज आला की मगच बाहेर पडायचं. मताची छापील चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र नसतं, चिठ्ठी शोधत थांबू नये. 3 जानेवारीला चिन्ह मिळालं की पत्रकावर पिवळा रंग, ‘क’ अक्षर आणि चिन्ह ही तिन्ही ठळक छापा. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या हवीच.

केतकी_जे:
समितीकडे उद्या सकाळी जातो. पोच मिळाली की इथे लिहिते.