धूमकेतू सूर्यावर आदळला की स्फोट होतो का? (नववीच्या वर्गाचा प्रश्न)

शाळामास्तरीण

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. परवा मधल्या सुट्टीत मुलांनी मला एक व्हिडिओ दाखवला. निळा पडदा, मधोमध एक गोल थाळी. खालून शेपटीवाला ठिपका सरकत येतो, थाळीआड गडप होतो, आणि लगेच दुसऱ्या बाजूने पांढरा लोट उसळतो. वर लिहिलंय, 'धूमकेतू सूर्यावर आदळला, महाभयंकर स्फोट!'

मी म्हटलं, विचारून सांगते. तर प्रश्न असे. स्फोट खरंच धूमकेतूमुळे झाला का? सूर्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे दिपतात, मग हे टिपलं कुणी आणि कसं? आणि तिसरा प्रश्न मागच्या बाकावरच्या पोरीचा, तो मला स्वतःलाच अडला: धूमकेतू बर्फाचा असतो ना, मग सूर्यापर्यंत पोचेस्तोवर शिल्लक राहतोच कसा?

निशाचर

मास्तरीणबाई, आधी एक गोष्ट पोरांना बजावून ठेवा. हे बघायला कुणी दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. बाकी उत्तर कांडीवाले देतील, त्यांचं रात्रीचं दुसरं दुकान तेच आहे.

कांडीवाला

दुकान नाही हो, नाद आहे. मी इचलकरंजीत, दिवसभर मेंडिंगच्या टेबलावर ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड, दोषांसाठी तपासतो. रात्री जेवण झाल्यावर सूर्याचे फोटो तपासतो.

मॅडम, आधी फोटोचं सांगतो. तुमचा व्हिडिओ निळा आहे म्हणजे तो सोहो यानावरच्या लॅस्को नावाच्या कॅमेरासंचातला, त्यातही सी-3 या कॅमेऱ्याचा असणार. सोहो हे युरोप आणि अमेरिकेचं यान, 2 डिसेंबर 1995 ला सोडलेलं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने साधारण 15 लाख किलोमीटरवर ते असतं, तिथे ना रात्र ना ढग. त्यातल्या कॅमेऱ्याला सूर्य झाकणारी एक थाळी बसवलेली आहे. म्हणजे कायमचं खग्रास ग्रहण. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी 1930 च्या सुमारास काढली. सी-2 या दुसऱ्या कॅमेऱ्याची चित्रं लालसर रंगात देतात, ती सूर्याच्या केंद्रापासून सुमारे 6 सौर त्रिज्यांपर्यंतची (केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे एक सौर त्रिज्या). सी-3 निळा, तो 30 त्रिज्यांपर्यंत बघतो. रंग मागाहून दिलेले, खरी चित्रं काळीपांढरीच असतात.

आता नीट बघा, थाळीवर एक पांढरं वर्तुळ आखलेलं असतं. खरा सूर्य तेवढाच. थाळी त्याहून कितीतरी मोठी आहे. त्यामुळे ठिपका थाळीआड गेला म्हणजे सूर्यावर पडला असं होत नाही. तो सूर्याच्या मागून जात असेल, पुढून जात असेल, चपट्या फोटोत ते कळत नाही.

स्फोटाचं म्हणाल तर धूमकेतूचा त्यात हात नाही. तो पांढरा लोट म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून चुंबकीय ताणामुळे सुटलेला वायू. सूर्य जोरात असतो त्या वर्षांत असे लोट दिवसाला दोन-तीन तरी उठतात, आणि सोहोला छोटे धूमकेतू दर दोन-तीन दिवसांनी एखादा सापडतो. दोन्ही एकाच फोटोत येणं हे ठरलेलंच. शिवाय वजन बघा. एका मोठ्या लोटात अब्जावधी टन माल असतो. हे बारके धूमकेतू काही दहा मीटर रुंदीचे, म्हणजे फार तर लाखभर टन. त्यांनी सूर्याला डिवचायचं म्हणजे चेष्टाच.

मागच्या बाकावरच्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या, प्रश्न फर्स्ट क्लास आहे. उत्तर आहे वेग. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, तितक्या अंतरावरून असा धूमकेतू चार आठवड्यांच्या आत सूर्याशी पोचतो. सी-3 च्या कडेपासून दीड दिवस. सी-2 च्या कडेपासून तीन तास. शेवटी वेग सेकंदाला 600 किलोमीटरच्या घरात. तिथे हवा नाही, त्यामुळे बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते, आणि ती वरच्या थरापासून होत जाते. आतल्या भागाला झळ पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळच नसतो.

तरी बहुतेक संपतातच. 10 ते 15 सौर त्रिज्यांच्या आसपास ते सगळ्यात तेजस्वी दिसतात. पुढे बर्फ तर जातोच, धुळीच्या कणांचीसुद्धा वाफ व्हायला लागते, म्हणून ते मंद होत जातात. पृष्ठभागावर 'आदळायला' काही उरतच नाही. 6 जुलै 2011 ला एक धूमकेतू थेट सूर्यबिंबासमोर विझताना एसडीओ या दुसऱ्या यानाने टिपला. तो सुमारे 20 मिनिटं दिसला आणि पृष्ठभागापासून लाखभर किलोमीटर वरच नाहीसा झाला. तो खाली कुठे पडला असता तिथे सूर्यावर ओरखडासुद्धा नाही.

जुनीपानी

कांडीवाल्यांनी यानांचं सांगितलं, मी त्याआधीचं थोडं लिहिते.

सोहोच्या शंभरातले 85 धूमकेतू एकाच खानदानातले. क्रॉइट्झ घराणं म्हणतात. जर्मनीत कील इथे हाइनरिश क्रॉइट्झ नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. 1843, 1880, 1882 असे मोठे धूमकेतू जवळजवळ एकाच मार्गाने सूर्याला खेटून गेले, ते बघून हे सगळे एकाच मोठ्या धूमकेतूचे तुकडे असणार हे त्यांनी गणिताने मांडलं. 1106 साली दिसलेला धूमकेतू हा या घराण्यातला एक पूर्वज असावा असं मानतात.

1882 च्या सप्टेंबरातला धूमकेतू तर भरदिवसा सूर्याशेजारी दिसत होता. 17 सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेत केपच्या वेधशाळेत फिनले आणि एल्किन हे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवून होते. तो सूर्याच्या कडेपर्यंत आला आणि दिसेनासा झाला. बिंबावरून जाताना काळा ठिपकासुद्धा दिसला नाही. त्याचा गाभा सूर्याच्या तुलनेत किती क्षुल्लक, ते तेव्हाच कळलं. हा मात्र वाचला, सूर्याला वळसा घालून बाहेर पडला आणि तुकडे होऊनही पुढे कित्येक महिने दिसत राहिला. केपच्याच वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी त्याचे फोटो काढवून घेतले. फोटोच्या काचांवर (तेव्हा फिल्मऐवजी काचा वापरत) धूमकेतूमागे इतके तारे उमटले की फोटोवरून आकाशाचा नकाशा करता येईल हे त्यांच्या लक्षात आलं. मला तर धूमकेतूपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

आणि त्याच वर्षी 17 मे रोजी इजिप्तमध्ये खग्रास ग्रहण होतं. अंधार झाला आणि सूर्याजवळ अचानक एक धूमकेतू दिसला, ध्यानीमनी नसताना. तोही याच घराण्यातला. ग्रहण सुटलं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

शाळामास्तरीण

बाप रे, एवढं! कांडीवाले दादा, तुम्ही 'फोटो तपासतो' म्हणालात म्हणजे नेमकं काय करता? माझ्या मुलांना जमेल का? की त्यासाठी कुठली पदवी लागते?

कांडीवाला

पदवी कशाची ताई, नेट आणि चिकाटी. चित्रं नेटवर फुकट असतात. सी-2 चं दर 12 मिनिटांनी एक. पाच-सहा चित्रं उतरवून एकामागोमाग एक फिरवायची.

डोळ्याला सवय लागते ती माझ्या धंद्यातलीच. कापडावर एखाद्या ठिकाणी ठिपका दिसला तर ती धूळ. तोच पुढे एका ओळीत येत राहिला तर मागात काहीतरी बिघडलंय. इथेही तसंच. अवकाशातून येणारे वेगवान कण कॅमेऱ्यावर आपटून प्रत्येक चित्रात पांढरे ठिपके सोडतात, पण पुढच्या चित्रात ते नसतात. धूमकेतू मात्र प्रत्येक चित्रात असतो, ठरलेल्या दिशेने आणि जवळ येईल तसा जरा वेगाने. तारेसुद्धा सरकतात, पण सगळे मिळून, डावीकडून उजवीकडे. गुरू, शुक्र आडव्या रेघेवरून ओळखू येतात, ते इतके झगझगीत असतात की कॅमेऱ्याला पेलत नाहीत.

मुलांना आधी मे महिन्यातली चित्रं दाखवा. सूर्य कृत्तिका नक्षत्रात आला असं आपण पंचांगात वाचतो ना, ते सी-3 मध्ये चक्क दिसतं. मेच्या उत्तरार्धात कृत्तिकांचा पुंजका सूर्याच्या जवळून जातो. वर्गात हे दाखवलंत तर धूमकेतू नाही सापडला तरी तास वसूल.

शंकास्पद ठिपका सापडला की प्रत्येक चित्राची वेळ आणि ठिपक्याची जागा पिक्सेलमध्ये मोजून कळवायची. 'सनग्रेझर' नावाचा प्रकल्प आहे, 2000 पासून. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतले कार्ल बॅटम्स तो चालवतात आणि खरंखोटं ठरवतात. आधी कळवेल त्याला श्रेय. पण धूमकेतूला तुमचं नाव मिळत नाही, नाव यानाचंच, 'सोहो'. पोरांना हे आधीच सांगा, नाहीतर हिरमुसतील. पाच हजारावा धूमकेतू 25 मार्च 2024 ला सापडला, तो प्रागला शिकणाऱ्या हानजी तान या विद्यार्थ्याला. हे लोक चोवीस तास टपलेले असतात, त्यांच्याआधी नंबर लावणं कठीण. मला अजून एकही पहिला मिळालेला नाही.

आपलं आदित्य-एल1 यानही सोहो आहे त्याच भागात आहे, 2 सप्टेंबर 2023 ला गेलेलं. त्यातली सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली, आणि सूर्य झाकून बघणारी व्हेल्क ही दुर्बीण बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत. पण ती दोन्ही सूर्याचा आणि त्याला लागूनच्या भागाचाच अभ्यास करतात. धूमकेतू शोधायला लॅस्कोसारखी लांबवर बघणारी नजर लागते.

निशाचर

जुनीपानी, तुमच्या ग्रहणावरून आठवलं. 2 ऑगस्ट 2027 चं खग्रास पुन्हा इजिप्तवरूनच जाणार आहे, लक्सरला सहा मिनिटांहून जास्त अंधार. 8 एप्रिल 2024 च्या ग्रहणात सोहोचा एक धूमकेतू जमिनीवरून काढलेल्या फोटोतही आला होता. मी पैसे साठवायला लागलोय.

कांडीवाला

जाणार असाल तर आदल्या दिवशीची सी-3 ची चित्रं मी तपासून ठेवतो. काही येत असेल तर सूर्याच्या कुठल्या बाजूला कॅमेरा रोखायचा ते कळवीन.