नेस्टजेएसमधल्या ‘प्रोव्हायडर’ला ‘पुरवठादार’ म्हणावं का?

प्रश्न :
नेस्टजेएसवर (टाइपस्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहायच्या फ्रेमवर्कवर) मराठीत टिपणं लिहितो आहे. सर्व्हर, मॉड्यूल, कंट्रोलर हे शब्द जसेच्या तसे ठेवलेत. अडलंय ते ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ आणि ‘प्रोव्हायडर’पाशी. ‘अवलंबित्व-अंतःक्षेपण’ आणि ‘पुरवठादार’ चालतील?

प्रतिसाद १ :
अंतःक्षेपण नको हो! वाचणारा तिथेच पान बंद करेल. आधी घडतं काय ते पाहा. ऑर्डर्स सांभाळणाऱ्या क्लासला डेटाबेसशी बोलणारा क्लास लागतो. एरवी तो ‘न्यू’ लिहून आतच बनवला असता. नेस्टमध्ये कन्स्ट्रक्टरात नुसती मागणी नोंदवायची, ऑब्जेक्ट बनवून देणं हे कंटेनरचं, म्हणजे नेस्टच्या आतल्या यंत्रणेचं काम. टोचाटोची कुठेच नाही. ‘लागेल ते आयतं पुरवणं’ असं एकदा समजावून सांगा आणि पुढे सरळ ‘डीआय’ लिहा.

प्रतिसाद २ :
‘आयतं’ला ऐतखाऊपणाचा वास येतो, नुसतं ‘पुरवणं’ पुरे. पण मग ‘पुरवठादार’ मुळीच नको, कारण पुरवतो तो कंटेनर. प्रोव्हायडर्सच्या यादीत आपण क्लासचं फक्त नाव लिहितो, तो लघुरूपाचा मामला आहे. पूर्ण रूपात दोन गोष्टी असतात : ‘प्रोव्हाइड’पुढे टोकन (म्हणजे मागताना सांगायची खूण), आणि ते मागितल्यावर काय द्यायचं ते ‘यूजक्लास’, ‘यूजव्हॅल्यू’ किंवा ‘यूजफॅक्टरी’पुढे. म्हणजे ही पुरवठ्याची नोंद झाली. टेस्ट लिहिताना ‘ओव्हरराइडप्रोव्हायडर’ वापरून खऱ्या डेटाबेसऐवजी खोटा ऑब्जेक्ट देता येतो. मागणारा क्लास आणि टोकन तेच राहतात, नोंदीतली वस्तू तेवढी बदलते. ‘पुरवठादार बदलला’ म्हटलं तर हे कसं कळणार?

टोकनला मात्र हात लावू नका. बँकेत, दवाखान्यात रोजचा शब्द आहे तो. टोकन बहुधा क्लासच असतो, पण इंटरफेस चालत नाही : टाइपस्क्रिप्टचं जावास्क्रिप्ट होताना इंटरफेस पुसला जातो, चालत्या प्रोग्रामात शोधायला काही उरतच नाही. तिथे स्ट्रिंग किंवा सिम्बॉल द्यावा लागतो.

प्रतिसाद ३ :
‘नोंद’ पटलं. एक पुरवणी : प्रोव्हायडर म्हणजे ‘सर्व्हिस’ असं लिहू नका. रिपॉझिटरी, फॅक्टरी, साधी सेटिंग्जची किंमतसुद्धा प्रोव्हायडर असू शकते.

आणि ‘एक्स्पोर्ट्स’ला ‘निर्यात’ म्हणाल तर माल बाहेर गेला असं वाटेल. तो जागचा हलत नाही. मॉड्यूलमधले प्रोव्हायडर मुळात त्या मॉड्यूलपुरते असतात. एक्स्पोर्ट्समध्ये नाव घातलं की ते मॉड्यूल इम्पोर्ट करणाऱ्यांना खुले होतात. ‘खुलं करणं’ लिहा. ‘नेस्ट कान्ट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज’ ही एरर आली की बऱ्याचदा खुलं करायचं किंवा इम्पोर्ट करायचं राहिलेलं असतं.

प्रश्नकर्ता :
मग शब्द ‘प्रोव्हायडर’च ठेवतो, समजावताना ‘पुरवठ्याची नोंद’. गार्डला ‘पहारेकरी’ बसतो : खरं म्हणाला तर विनंती पुढे, खोटं म्हणाला तर ४०३ (‘परवानगी नाही’चा कोड). पाइपचं काय? ‘नळी’?

प्रतिसाद २ :
नळीतून आत गेलं तेच बाहेर येतं. हा पाइप येणारी किंमत तपासतो किंवा बदलतो. ‘पार्सइंटपाइप’ला ‘12’ ही स्ट्रिंग दिली तर 12 हा आकडा मिळतो, ‘abc’ दिलं तर ४०० (‘विनंती चुकीची’चा कोड) परत. पाइपच ठेवा.